बोललेला आकडा

समाधान उजगरे नादार व्हायला बीडला निघाला, त्या दिवशी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. अंजली, त्याची बायको, भाकरी थापता थापता म्हणाली, "लग्नाला चालले का तुमी?"

"कोर्टात मळक्या शर्टानं जाऊन चालतं का?" तो म्हणाला आणि बाही सरळ करत बसला.

दिवाळं काढायला निघालेल्या माणसानंही नीटनेटकं दिसावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. समाधान आयुष्यभर असाच वागत आला. असल्या भलेपणाचं कौतुक करायचं की चार शब्द सुनावायचे, हे त्याला ओळखणाऱ्यांना कधीच ठरवता आलं नाही. अंजलीला मात्र आलं होतं. तिनं सुनावून पाहिलं होतं, पण तोवर उशीर झाला होता.

समाधान पिग्मीवाला. माजलगावच्या मोंढ्यातल्या आडत दुकानांपासून ते बसस्टँडवरच्या वडापाववाल्यापर्यंत संध्याकाळी फेरी मारायची, कुणाकडून वीस, कुणाकडून शंभर घ्यायचे, हातातल्या मशीनमधून पावती फाडून द्यायची आणि पतसंस्थेत भरणा करायचा. पंधरा वर्षं त्यानं हे केलं. पावसात मशीन शर्टाच्या आत धरून फिरला, पण फेरी चुकवली नाही. माणसं संस्थेला पैसे देत नव्हती, समाधानला देत होती. संस्थेचा चेअरमन कोण, हे अर्ध्या गावाला माहीत नव्हतं. त्या संस्थेचं नाव घेतलं की अजूनही गावात तोंडं कडू होतात, म्हणून ते नाव इथं न घेतलेलंच बरं.

तो राहायचा त्या वस्तीत एक विहार होता, पत्र्याचा. उन्हाळ्यात आत बसलं की डोक्यावर तवा ठेवल्यासारखं व्हायचं. तिथं पक्कं बांधकाम करून वर स्लॅब टाकायचा, हे वस्तीचं जुनं स्वप्न. त्यासाठी पैसे जमवायची वस्तीची आपली एक रीत होती. वैशाखी पौर्णिमेला वंदना झाली की माइक फिरायचा. ज्यानं त्यानं आपलं पूर्ण नाव घेऊन आकडा बोलायचा आणि तो वर्षभरात भरायचा. नाही भरला, तर पुढच्या पौर्णिमेला तुमचं नाव घेऊन तोच आकडा पुन्हा वाचला जायचा आणि शेवटी एकच शब्द यायचा, बाकी. कुणी रागवायचं नाही, कुणी टोमणा मारायचं नाही. पण तो शब्द लाउडस्पीकरवरून आपल्या नावामागं ऐकायला नको, म्हणून लोकांनी शेळ्या विकल्या होत्या. एकानं तर ऊसतोडीचा एक हंगाम जास्तीचा केला होता.

असे सात-आठ वर्षांत चार लाख ऐंशी हजार जमले. त्यातला सगळ्यात मोठा वाटा चतुरामावशीचा. मावशीनं नगरपालिकेत झाडूखात्यात हयात घालवली होती. निवृत्त झाल्यावर हातात आलेल्या रकमेतले एक लाख तिनं माइकवर बोलून टाकले आणि आठवड्याच्या आत आणून दिले. विहार समितीची अध्यक्ष तीच. पैसे ठेवायचे कुठं, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी समाधानकडं पाहिलं. त्याच्या संस्थेत व्याज बँकेपेक्षा जास्त होतं. शिवाय आपला पोरगा तिथं होता. समाधाननं ते पैसे स्वतः नेऊन भरले, आणि त्या दिवशी त्याला आपण कुणीतरी झालो असं वाटलं, हे खरं.

मग एका सोमवारी संस्थेचं शटर उघडलंच नाही. चेअरमन गावात नव्हता, मॅनेजरचा फोन बंद होता. पायरीवर माणसं जमली, पोलीस आले, फिर्याद झाली. ती फिर्याद आजही चालूच आहे.

समाधान दोन दिवस घराबाहेर पडला नाही. लोक येतील, शिव्या देतील, अंगावर धावून येतील, याची त्यानं तयारी करून ठेवली होती. मोंढ्यातून आलेही दोघं-तिघं. पण वस्तीतून कुणीच आलं नाही. रविवारी तो खाली मान घालून वंदनेला गेला, तर बायांनी त्याला चहा दिला. चतुरामावशी म्हणाली, "तुजी काय चूक हाय त्यात? तुजे बी गेलेच की."

त्याचे खरंच गेले होते. मुलीच्या, चैतालीच्या शिक्षणासाठी ठेवलेलं सगळं त्याच संस्थेत बुडालं होतं. पण मावशीनं शिवी दिली नव्हती. शिवी खाऊन माणूस घरी जाऊन झोपू शकतो. माफीचं काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं उठून कोपऱ्यातला माइक घेतला. पौर्णिमा नव्हती, आकडे बोलायचा दिवस नव्हता. तरी तो बोलला.

"समाधान ज्ञानोबा उजगरे. विहाराचे चार लाख ऐंशी हजार. माझ्याकडं."

कुणीतरी 'अरे, असं कसं' म्हणायला हवं होतं, पण बोललेला आकडा परत घ्यायची रीतच वस्तीत नव्हती, त्यामुळं तो परत घे म्हणायची रीतही कुणाला माहीत नव्हती. बायांच्या बाजूला बसलेली अंजली त्याच्याकडं बघत राहिली. घरी आल्यावर तिनं विचारलं, "कोनी मागितलं होतं तुमाला?"

"मागितलं असतं तर लई बरं झालं असतं," तो म्हणाला.

तेव्हापासून तो फसत गेला. पिग्मीचं काम गेलं होतंच. कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढं साड्या उलगडायचं काम मिळालं, पगार नऊ हजार. अंजलीचं अंगणवाडीचं मानधन आलं तर आलं. एवढ्यात घर चालवायचं आणि विहाराचाही भरणा करायचा. पहिलं कर्ज अंजलीच्या नावावर बायांच्या गटातून काढलं. त्याचा हप्ता आठवड्याला. तो चुकायला लागला तेव्हा समाधाननं मोबाइलवरून कर्ज घेतलं. दोन मिनिटांत पैसे येतात म्हणत होते, आणि खरंच आले. ते फेडायला दुसऱ्या अ‍ॅपवरून घेतलं. मग वसुलीवाले फोन करायला लागले, त्याला, अंजलीला, साडूला, आणि एकदा तर चैतालीच्या वर्गशिक्षिकेला. पोरगी घरी आली आणि दप्तर टाकून भिंतीकडं तोंड करून पडली. ते पाहून समाधाननं त्याच दिवशी रामकिसनचं दुकान गाठलं.

रामकिसन त्याच्या शाळेतला. मोंढ्यात त्याचं सिमेंट-लोखंडाचं दुकान, आणि दुकानाच्या आडून व्याजबट्ट्याचा धंदा. पंधरा वर्षं त्यानं समाधानकडं पिग्मी भरली होती. "घे की बे," तो म्हणाला, "तुला न्हाई द्यायचे तर कोनाला द्यायचे?" शेकडा पाच, महिन्याला. वचनचिठ्ठीवर सही. समाधाननं सही केली आणि अ‍ॅपवाल्यांचं तोंड बंद झालं, पण जेमतेम उन्हाळा संपेपर्यंतच. मग तो पुन्हा रामकिसनकडं गेला. पुढं आणखी एकदा गेला.

ज्या गावात तो पंधरा वर्षं दारोदार फिरला, त्या गावात त्याला आता जायला गल्ली उरली नाही. इकडून गेलं की गटाची बाई दिसायची, तिकडून गेलं की रामकिसनचं दुकान लागायचं, आणि मधल्या बोळात ते किराणावाले राहायचे, ज्यांची पिग्मी बुडाली होती आणि जे अजूनही त्याला 'या' म्हणायचे. ते 'या' त्याला सगळ्यात जड जायचं. तो कालव्याच्या बाजूनं लांबचा फेरा घेऊन कामावर जायला लागला.

पण विहाराचा भरणा त्यानं थांबवला नाही. तीन टप्प्यांत त्यानं पैसे पुरे केले. शेवटचे एक लाख साठ हजार, अंजलीच्या कानातले झुंबर आणि गळ्यातलं डोरलं मोडून आणि रामकिसनकडून तिसऱ्यांदा उचलून, हिवाळ्यात भरले. अंजलीनं डोरलं काढून दिलं तेव्हा ती रडली नाही, भांडलीही नाही. "आता तरी झालं का?" एवढंच म्हणाली. त्याला वाटलं, झालं.

स्लॅब टाकला त्या दिवशी सगळी वस्ती घमेली वाहत होती. समाधानही वाहत होता. सिमेंट रामकिसनच्या दुकानातून आलं होतं, म्हणजे रामकिसननं दिलेले पैसे वस्तीला वळसा घालून परत त्याच्याच गल्ल्यात गेले होते. तो स्वतः ट्रकबरोबर आला, वर चाललेलं काम पाहिलं आणि समाधानच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "झालं बाबा तुजं पुन्य. आता माजं बघ." समाधान हसला. त्या दिवशी चतुरामावशीनं सगळ्यांना बुंदी वाटली. समाधानला तिनं दोनदा दिली. दोन वर्षांत तो पहिल्यांदा पोटभर जेवला.

रामकिसननं पहिल्या दोन चिठ्ठ्यांवर दावा आधीच लावलेला होता, आणि तिसऱ्यांदा पैसे देतानाही त्यानं तो मागं घेतला नव्हता. हुकूमनामा त्याच्या बाजूनं झाला आणि समाधानच्या नावानं अटकेचं वॉरंट निघायची वेळ आली, तेव्हा कुणीतरी त्याला बीडच्या मोहनराव वकिलांकडं पाठवलं. मोहनराव म्हातारे, कमी फी घेणारे आणि जास्त खोकणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एकूण देणं किती?"

"अकरा-साडेअकरा लाख असतील, साहेब. सकाळी मोजलं तर संध्याकाळी वाढलेलं असतंय."

"मग नादारीचा अर्ज करू. कोर्टाला सांगायचं, मी फेडू शकत नाही. कोर्टाला पटलं की तुझं असेल-नसेल ते कोर्टानं नेमलेल्या रिसिव्हरच्या ताब्यात जातं. तो ते सगळ्या धनकोंमध्ये, म्हणजे ज्यांचं तू देणं लागतोस त्यांच्यात, देण्याच्या प्रमाणात वाटतो. कुणी दारात येऊन बसायचं नाही, कुणी तुरुंगात घालायचं नाही. मालमत्ता काय आहे?"

"मोटारसायकल हाय एक."

मोहनरावांनी खोकत खोकत पुढचं विचारलं, "गेल्या तीन-चार महिन्यांत यातल्या कुणा एकालाच मोठी रक्कम देऊन टाकली का? नीट आठव."

"न्हाई," समाधान म्हणाला.

तो खोटं बोलला नव्हता. गट, अ‍ॅपवाले आणि रामकिसन यांचं ते कर्ज होतं. विहाराचा मात्र बोललेला आकडा होता. त्यालाही कर्ज म्हणतात, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. वस्तीतल्या कुणाच्याही आलं नसतं. चूक झाली ती तिथंच झाली, आणि अर्ज तसाच दाखल झाला.

तारखेच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तो निघाला तेव्हा अंजलीबरोबर चतुरामावशीही पांढरं लुगडं नेसून स्टँडवर हजर होती. "तुमी कावून आलात मावशी?" त्यानं विचारलं. "तू विहारासाठी उभा ऱ्हायला, मग तुज्यामागं कोनी उभं ऱ्हायला नको?" ती म्हणाली आणि एसटीत खिडकीची जागा धरून बसली. तेलगाव गेलं, वडवणी गेलं. मावशी बाहेरचा ऊस बघत होती. समाधानला वाटत होतं, आज संध्याकाळी येताना आपण मोकळे असू.

कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर रामकिसन होता. त्यानं न विचारता तिघांसाठी चहा सांगितला. "घे बे, घे. कोर्ट कोर्टाच्या जागी," तो म्हणाला. त्याचा वकील मात्र मावशीकडं बघत होता. ही बाई कोण, असं त्यानं रामकिसनला विचारलं, आणि रामकिसननं विहाराच्या पैशांसकट सगळं सांगितलं.

पुकारा व्हायच्या थोडं आधी मोहनराव लगबगीनं आले आणि त्यांनी समाधानला बाजूला घेतलं. "विहाराचं काय प्रकरण आहे? समोरचा वकील बोलत होता."

समाधाननं सांगितलं. मोहनरावांनी कपाळाला हात लावला. "अरे, मी तुला काय विचारलं होतं? अर्जाच्या आधी असं एकाला झुकतं माप दिलं तर कोर्ट तो व्यवहार मोडतं. ते एक लाख साठ हजार विहाराकडून परत मागवतील आणि सगळ्या धनकोंत वाटतील."

"त्याचा स्लॅब झालाय साहेब. स्लॅब कसा परत मागतेत?"

"पैसे मागतील. समितीनं कुठूनही आणावेत." मोहनरावांनी आवाज खाली आणला. "पावती कुणाच्या नावाची आहे?"

"पावती कसली? माइकवर बोललो होतो. सिमेंटचं बिल समितीच्या नावाचं हाय."

"मग कागद काहीच नाही. विचारलं तर, मी दिले नाहीत, लोकांनी वर्गणी काढली, असं म्हण. एवढंच म्हणायचं. विहार वाचेल, तूही वाचशील."

मोहनराव वाईट माणूस नव्हते. हे सांगताना त्यांनी त्याच्याकडं पाहिलं नाही, शर्टाच्या बटणाकडं पाहिलं.

समाधान शपथ घेऊन उभा राहिला. नाव, वय, धंदा सगळं झालं. रामकिसनच्या वकिलानं सरळच विचारलं, "डिसेंबरमध्ये तुम्ही विहार समितीला एक लाख साठ हजार रुपये दिले, हे खरं आहे का?"

न्यायाधीश लिहायचं थांबून वर बघू लागले. एक शब्द, न्हाई. तेवढा उच्चारला की स्लॅबला कुणी हात लावणार नव्हतं. सगळं आयुष्य एका शब्दापायी गेलं होतं, आता दुसऱ्या एका शब्दानं ते वाचणार होतं. दर रविवारी पाच शीलं म्हणताना चौथं शील येतं, खोटं बोलणार नाही याचं, आणि समाधान ते इतर चारांसारखंच तोंडपाठ म्हणत आला होता. ते कधी एवढं महाग पडेल, असं त्याला वाटलं नव्हतं. तरीही तो खोटं बोलला असता. विहारासाठी त्यानं डोरलं मोडलं होतं, एक शील मोडायला काय हरकत होती?

"आठवत नसेल तर राहू द्या," वकील म्हणाला. "समितीच्या अध्यक्ष इथं हजरच आहेत. त्यांनाच साक्षीला बोलावू."

समाधाननं मागं पाहिलं. बाकावर मावशी बसली होती, हात मांडीवर, पदर डोक्यावर. प्रश्न तिला पूर्ण कळला होता. ती त्याच्याकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती होती. ती कोर्टाची भीती नव्हती. हा पोरगा आता काय बोलेल आणि मग आपल्याला काय बोलावं लागेल, याची होती. तो न्हाई म्हणाला असता, तर तिलाही इथं येऊन, हात वर करून, न्हाई म्हणावं लागलं असतं. चाळीस वर्षं लोकांची घाण उचलून जिनं स्वतःचं काही मळू दिलं नव्हतं, तिला.

"दिले," तो म्हणाला. "एक लाख साठ हजार. मीच दिले."

त्यानंतर तीन-चार तारखा झाल्या, पण ठरायचं ते तेव्हाच ठरलं होतं. कोर्टानं समाधान ज्ञानोबा उजगरे याला नादार जाहीर केलं. मोटारसायकल रिसिव्हरकडं जमा झाली. विहार समितीनं एक लाख साठ हजार रिसिव्हरकडं भरावेत, असा हुकूम झाला. त्यातला मोठा वाटा रामकिसनला मिळणार होता, ज्यानं त्याच पैशाचं सिमेंट आधीच विकलं होतं. हुकूम झाला त्या दिवशी कोर्टाबाहेर रामकिसन म्हणाला, "म्या वकिलाला तसं विचारायला सांगितलं नव्हतं बरं का." समाधान स्टँडकडं चालू लागला. परतीच्या एसटीत मावशीनं फुटाण्याची पुडी सोडून त्याच्यापुढं धरली. त्यानं चार फुटाणे घेतले. वडवणी येईपर्यंत ते त्याच्या मुठीतच होते.

फोन वाजायचे थांबले. कुणी दारात येईना. ज्या शांततेसाठी त्यानं अर्ज केला होता, ती मिळाली, आणि तिच्यात त्याला श्वास घेता येईना. आधी चहूकडून लोक मागायला यायचे. आता कुणाला काही देण्याची वाटच बंद झाली होती. कमाईतलं काही बाजूला काढून विहाराला द्यावं, तर मोहनराव म्हणाले, "कोर्ट तुला नादारीतून मोकळं करेपर्यंत तुझ्याकडं शिल्लक पडेल ते रिसिव्हरचं. पुन्हा तसलं काही करू नकोस." कालव्याच्या बाजूचा फेरा सोडून तो सरळ मोंढ्यातून जायला लागला. कुणी अडवलं नाही. अडवायला कुणाचं काही उरलंच नव्हतं.

वैशाखी पौर्णिमा आली. नव्या स्लॅबखाली पहिल्यांदाच वंदना झाली. खालचं सेंट्रिंग काढलेलं, भिंतींना गिलावा नाही, पण आत गारवा होता. चतुरामावशीनं माइक घेतला. कोर्टाचं काय झालं, हे तिनं दोन वाक्यांत सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही. म्हणाली, "पैसे परत भरायचेत. स्लॅब आपला हाय. बोला."

आणि लोक बोलायला लागले. पहिला आकडा तिचाच, दहा हजार. ते ती कुठून आणणार होती, देव जाणे. मग हजार, पाचशे, दोन हजार. ज्यांनी एकदा दिलं होतं, ते दुसऱ्यांदा देत होते, आणि या वेळी ते पैसे विटेत जाणार नव्हते, वाळूत जाणार नव्हते, समाधानच्या सावकारांत वाटले जाणार होते. हे सगळ्यांना माहीत होतं. तरीही माइक हातोहात पुढं सरकत होता. समाधानचे डोळे भरून आले. या माणसांनी आपल्याला एकदा तरी बोलावं, दोष द्यावा, असं त्याला अजूनही वाटत होतं. पण ते होणार नव्हतं.

माइक त्याच्यापर्यंत आला. सवयीनं तो उठला, सवयीनं त्यानं नाव घेतलं. "समाधान ज्ञानोबा उजगरे."

मावशी पुढून हळूच म्हणाली, "लेकरा, बस खाली. तुजा शब्द आता कोर्टाकडं जमा हाय."

कुणी हसलं नाही. तिनंही ते टोचायला म्हटलं नव्हतं. त्याला आणखी एका आकड्यापासून वाचवायला म्हटलं होतं. समाधान उभाच राहिला. ज्या शब्दावर पंधरा वर्षं गावानं पैसे ठेवले, तो आता फुकटसुद्धा कुणी घेणार नव्हतं.

मग त्यानं माइक वाकून शेजारी, बायांच्या बाजूच्या कडेला दिला. अंजलीनं तो घेतला, स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं आणि म्हणाली, "पाचशे." ती खाली बसल्यावर समाधाननं तिच्या हातातून माइक घेतला आणि पुढच्या माणसाकडं सरकवला.